डोक्यावर उभी केलेली बावीस अक्षरं

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी जुळारिणीने हिब्रू शिकायला घेतलं, तेव्हा घरच्यांना कोण आनंद झाला! सून म्हणाली, "छान, तेवढंच डोकं चालतं राहील." मुलगा म्हणाला, "हं." मग चार दिवसांनी जेवताना त्याने विचारलं, "आई, काय शिकतेयस म्हणालीस?" म्हणजे कौतुकाला घरात काही तोटा नव्हता.

जुळारीण हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. छापखान्यात शिशाचा एकेक खिळा उचलून शब्द जुळवणाऱ्याला पूर्वी जुळारी म्हणत. ही बाई, म्हणून जुळारीण. छापखाना बंद होऊन वीस वर्षं झाली. त्या जागेत आता लोक आरामखुर्चीत पसरतात आणि दोन मुली त्यांच्या पायाच्या नखांना रंग लावतात. प्रगती झाली ती अशी. खिळे भंगारात गेले, रॉकेल आणि शाईचा तो वास गेला. नाव तेवढं राहिलं, कारण ते कोणी भंगारात घेत नाही.

छापखान्याच्या भिंतीला लागून एक शिवणाचं दुकान होतं. ते चालवणारी शिंपीण जुळारिणीच्याच वयाची. पन्नास वर्षांची मैत्री, म्हणजे पन्नास वर्षांची भांडणं. शिंपीण ज्यू; तिची आई दुकानाच्या मागच्या खोलीत संध्याकाळी प्रार्थनेचं एक जाडसर हिब्रू पुस्तक मोठ्याने वाचत बसायची. भिंत एवढी पातळ, की इकडे खिळे जुळवणाऱ्या जुळारिणीला ते सगळं ऐकू यायचं. कळायचं काहीच नाही. पण गिऱ्हाइकांची बडबड कळूनही तिने कधी ऐकली नव्हती, आणि हे न कळताही ती ऐकायची.

आई गेली त्याला आता एकोणचाळीस वर्षं होत होती. दर वर्षी त्या दिवशी शिंपीण त्या पुस्तकाचं शेवटचं पान मोठ्याने वाचायची. एकही वर्ष चुकलं नव्हतं. यंदा मात्र काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे नेले. उजेड आणि अंधार, एवढंच काय ते उरलं.

"पाठ नाही का गं तुला?" जुळारिणीने विचारलं.

"चार ओळी आहेत. पुढचं डोळ्यांनी यायचं."

"तुझ्या भाच्याला सांग. तो फोनवर काय वाट्टेल ते काढून देतो."

"दिलं ना काढून. कोणी तरी बुवा गळा काढून गातोय, मागे तबला का काय बडवतायत. मी म्हटलं, बाबा रे, माझ्या आईचा दिवस आहे, कोणाची वरात नाही."

"मग आता?"

शिंपीण म्हणाली, "या वर्षी राहील, आणखी काय." आणि ती हाताने टेबलावरच्या टाचण्या गोळा करू लागली. टाचण्या एकाही नव्हत्या.

जुळारीण घरी आली ती ठरवूनच. अर्थ समजायची गरज नव्हती. तिला फक्त अक्षरं ओळखायची होती आणि तोंडाने उच्चारायची होती. समजून घ्यायचं काम शिंपिणीचे कान करतील. आणि न समजता अक्षरं हाताळणं हा तर जुळारिणीचा जन्मभराचा धंदा. वैद्यकाची, कायद्याची, लग्नपत्रिकेतल्या कवितेची, कसलीही अक्षरं तिने समजून न घेता जुळवली होती. लग्नपत्रिकेतली कविता तर समजून घेणं शक्यच नव्हतं.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक तरुण मुलगी हिब्रूचा वर्ग घ्यायची. शिंपिणीच्या आईचा दिवस यायला दोन महिने होते. वर्गात जुळारीण धरून तीन विद्यार्थी. एकाला दंडावर हिब्रूत काही तरी गोंदवून घ्यायचं होतं. काय, ते अजून ठरायचं होतं. दुसऱ्याला होणाऱ्या सासऱ्यावर छाप पाडायची होती. अशी ही ज्ञानपिपासू मंडळी.

"अक्षरं बावीस," मास्तरीण म्हणाली. "पहिलं आलेफ. याला स्वतःचा आवाज नाही."

"आवाज नाही आणि पहिला नंबर?" जुळारीण म्हणाली. "आमचे मालक असेच होते."

पुढे बेत, गिमेल, दालेत. दालेत आणि रेश एवढी सारखी, की जुळ्या भावंडांना आईने तरी कसं ओळखावं. काही अक्षरं शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. जाताना कपडे बदलून जायचं, असला थाट. स्वर म्हणजे बहुतेक अक्षराच्या पायाशी टाकलेली टिंबं आणि रेघा. आणि खेत नावाच्या अक्षराचा उच्चार घशाच्या तळातून, खरवडून काढायचा. जुळारिणीला आपल्या ण आणि ळ यांचा मोठा अभिमान होता. तो पहिल्याच दिवशी खाली बसला. घरी ती न्हाणीघरात खेत घोटायची. तिसऱ्या दिवशी सुनेने दारात खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवली.

हेही जमलं असतं. खरं दुखणं निराळंच होतं. ओळ उजवीकडून डावीकडे जायची. जुळारिणीची नजर हट्टाने डावीकडून सुटायची आणि शब्दाच्या शेपटीला जाऊन धडकायची. आठवडाभर तिच्या नाकी नऊ आले.

मग तिला युक्ती सुचली, आणि ती तिलाच सुचू शकत होती. जुळारी ओळ जुळवतो तेव्हा हातातली अक्षरं डोक्यावर उभी असतात. तीस वर्षं तिने तशीच वाचली होती. उलटं अक्षर तिला उलटं वाटतच नसे. तिने हिब्रूचा कागद सरळ उलटा फिरवला. झालं! ओळ शहाण्यासारखी डावीकडून उजवीकडे चालू लागली. पायाशी पडलेली टिंबं आपल्या मात्रांसारखी डोक्यावर जाऊन बसली. ओळी खालून वर वाचायच्या, एवढंच. बावीस अक्षरं तिने नऊ दिवसांत तोंडपाठ केली, सगळी डोक्यावर उभी करून.

दोन-अडीच हजार वर्षं एवढी विद्वान माणसं ही लिपी वाचत आली, आणि कोणालाच हे सुचलं नाही याची तिला गंमत वाटली.

मास्तरणीने एकदा फळ्यावर अक्षर काढलं. "आजी, हे कोणतं?"

"खेत," आजी ठणकावून म्हणाल्या.

"हे टेत आहे. खेत उलटं केलं तर असं दिसेल." मुलीने आजींच्या पुढ्यातला कागद पाहिला. तो नेहमीप्रमाणे उलटा होता. "आजी! तुम्ही सगळं असंच शिकलात? अहो, आताच मोडा ही सवय, पुढे जड जाईल."

"मला फळा वाचायचा नाही गं बाळ. मला एक पान वाचायचंय, आणि पान फिरवता येतं."

गोंदवून घेणारा फिस्सकन हसला. जुळारीण त्याला म्हणाली, "तू हस. तुझ्या दंडावर काय लिहिलंय ते वाचायला आरशापुढे उभा राहशील तेव्हा मला बोलाव."

आईच्या दिवसाला दहा दिवस उरले, तेव्हा ती तालमीसाठी शिंपिणीकडे गेली. वर्गातलं पुस्तक तिने धडाधड वाचून दाखवलं. शिंपिणीचा चेहरा असा उजळला, की जुळारिणीला कुठे बघावं कळेना. "बये, वाचतेस की तू!" म्हणत शिंपिणीने कपाट चाचपडलं आणि फडक्यात गुंडाळलेलं आईचं पुस्तक काढलं.

"हात धुतलेस?"

"धुतले."

"आणि एक. हे पुस्तक उलटं धरायचं नाही, उलटं ठेवायचं नाही. कोणी चुकून ठेवलं तर आई हातातलं टाकून उठायची, सरळ करायची आणि ओठांना लावायची. लहानपणी मी एकदा मुद्दाम उलटं ठेवलं होतं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

शेजारी बसून जुळारिणीने शेवटचं पान उघडलं. सरळ. समोर काळ्या मुंग्यांची रांग. बावीसातलं एकही अक्षर ओळख दाखवेना.

"वाच ना."

"चष्मा पुसतेय."

चष्मा पुसता पुसता तिने विचार केला. तसं कोणाला दिसणार होतं? शिंपिणीला दिसत नव्हतं. आई वर गेलेली. दहा मिनिटांचा प्रश्न. तिने पुस्तक हळूच फिरवलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ सुरेख गेली. दुसऱ्या ओळीत शिंपिणीचा हात सवयीने पुस्तकावर आला, कडेवरून सरकला आणि थांबला. कव्हराचा वरचा कोपरा फाटला होता तो शिंपिणीनेच पूर्वी दोऱ्याने शिवला होता. तो कोपरा आता खाली होता. आपली शिवण तिने झोपेतही ओळखली असती.

"उलटं धरलंयस."

जुळारिणीने ओळीवरचं बोट उचललं.

"मी आंधळी झालेय म्हणून?"

"अगं, मला तसंच वाचता येतं. मी शिकलेच तसं—"

"माझ्या आईची अक्षरं तू डोक्यावर उभी करून शिकलीस?" शिंपिणीने पुस्तक काढून घेतलं, सरळ केलं, ओठांना लावलं. "ते एक वेळ चालेल. तू छापखान्यातली, तुझं डोकंच उलटं. पण मला दिसत नाही हे बघून तू ते केलंस. जा तू आता."

पन्नास वर्षांत त्या पाचशे वेळा भांडल्या असतील, पण "जा" कोणी कोणाला म्हटलं नव्हतं.

पुढचे नऊ दिवस जुळारिणीने सरळ वाचायची खटपट केली. कागद टेबलाला चिकटपट्टीने चिकटवला, म्हणजे हात शिवशिवले तरी फिरवता येऊ नये. मग तिची मानच फिरायला लागली. सुनेने एकदा येऊन पाहिलं, तर सासूबाई टेबलावर आडव्या होऊन कागदाकडे उलट्या बाजूने बघत होत्या. सून आल्या पावली परत गेली. नवऱ्याला तिने काय सांगितलं असेल ते सांगायला नको, कारण संध्याकाळी तो पहिल्यांदाच फोन बाजूला ठेवून आईजवळ बसला आणि डॉक्टरांकडे जाऊन यायचं का, असं फार प्रेमाने विचारू लागला.

नऊ दिवसांची कमाई म्हणजे एका ओळीला अर्धा तास, आणि त्यात सहा चुका.

दिवस उजाडला. आपल्याला दारातूनच परत पाठवतील हे धरून जुळारीण गेली. शिंपीण धुतलेली साडी नेसून टेबलाशी बसली होती. पुढ्यात पुस्तक, शेवटच्या पानावर उघडलेलं, सरळ.

"आलीस?"

"आले. सरळ वाचायला शिकत होते. नाही जमलं." जुळारीण दारातच उभी राहिली. "त्या दिवशी मी केलं ते वाईट केलं. एवढंच सांगायला आले. आता जाते."

"आणि पान कोण वाचणार? तुझी सून?"

"पण उलटं धरायचं नाही ना?"

"पुस्तक फिरवायचं नाही म्हटलं मी. तू फिरायचं नाहीस, असं कोणी सांगितलं? ती खुर्ची उचल आणि समोर ठेव. दोन महिने शिकवणी लावून एवढंही सुचू नये माणसाला! मला तरी आज पहाटे सुचलं. नऊ दिवस तुझ्यावर चरफडण्यात गेले, नाही तर आधीच सुचलं असतं."

जुळारिणीने खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडे ठेवली आणि बसली. पुस्तक जागचं हललं नव्हतं. शिंपिणीच्या बाजूने ते सरळ होतं. जुळारिणीच्या बाजूने बावीसच्या बावीस अक्षरं डोक्यावर उभी राहिली आणि एकदम ओळखीची झाली.

तिने वाचायला सुरुवात केली. शिंपिणीने पानावर बोट ठेवलं आणि ते आपल्या उजवीकडून डावीकडे नेऊ लागली, जशी एरवी स्वतः वाचताना न्यायची. चार ओळी तिने बरोबरीने म्हटल्या. पाचवीला ती थांबली. जुळारीण एकटीच पुढे गेली. मध्येच एकदा शिंपीण म्हणाली, "घशातून. खोकल्यासारखं नाही," आणि जुळारिणीने तो शब्द पुन्हा घेतला. एकदा तिने नुसतं डोळ्यांना पदर लावला. जुळारिणीला वाटलं, इथे काही तरी दुःखाचं असणार. ते सुखाचंही असू शकलं असतं. तिला कळायला काही मार्ग नव्हता.

थोडी जागा सुटली होती. त्यानंतरच्या तीन ओळी बारीक अक्षरात होत्या आणि त्यांना टिंबं नव्हती. सगळ्यांत पवित्र भाग हाच असणार, अशी तिची खात्री पटली. जपून, आवाज खाली आणून, स्वरांचा अंदाज बांधत तिने त्या तीन ओळी फार मनोभावे वाचल्या. शिंपिणीने मान खाली घातली होती. तिचे खांदे हलत होते. जुळारिणीने शेवटचा शब्द आणखी हळू घेतला.

"झालं," ती म्हणाली.

शिंपिणीने मान वर केली. ती हसत होती, आणि बराच वेळ दाबून ठेवलेलं असल्यामुळे तिला बोलता येईना.

"काय झालं?"

"आईचं पान... वरच संपलं. तू शेवटी वाचलास तो हे पुस्तक छापलं त्या छापखान्याचा पत्ता."

"अगं मग थांबवायचं नाही का मला?"

"थांबवणार होते. पण पत्ता इतक्या भक्तीने वाचलेला कधी ऐकला नव्हता." तिने डोळे पुसले. "मी एवढी वर्षं वाचलं, पण तिथे कधी गेले नाही. कोण बघतं खालचं बारीक?"

जुळारिणीने त्या तीन ओळींकडे पाहिलं. ही पानं कोणी तरी उभ्याने जुळवली असणार, एकेक टिंब चिमटीत धरून, आणि डोळे गेले असणार त्याचेही.

"पुन्हा वाचू का ते?" तिने विचारलं.

"वाच. या खेपेला जरा घाईने वाच, भूक लागलीय."