सोळा कॉल

दुपारपर्यंत प्रियदर्शनीने नवऱ्याला सोळा कॉल केले. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिनं अमरावतीहून अकोल्याची एसटी धरली.

ती जिल्हा परिषदेत कारकून होती. नागसेन अकोल्याच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचा. भेट शनिवार-रविवारी. सकाळी फोनवर थोडं वाजलं आणि त्यानंतर त्यानं फोनच उचलला नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत तिच्या मनात घटस्फोट होऊनही गेला होता.

वर्कशॉपच्या दारातच तिचा बांध फुटला. "सोडून देऊन राहिला का मले?"

पोरांनी मशिनी थांबवल्या. नागसेन मान खाली घालून आवारात गेला. ती मागोमाग गेली.

"माह्या डोक्यातच बिघाड आहे," ती रडत म्हणाली. "मले दवाखान्यात ने."

त्यानं हातमोजे काढून खिशात कोंबले. मग म्हणाला, "मीच जाऊन राहिलो, महिन्यापासून. अमरीन मॅडमकडे. कोणी चिडलं की माह्या तोंडातून शब्दच निघत नाही. तुले सांगाची लाज वाटे. आज पाचले जायचं आहे. चाल संगं."

समुपदेशक अमरीन मॅडमनी तिला फार विचारलं नाही. लहानपणी वाट कोणाची पाहिली, एवढंच.

प्रियदर्शनीला दर्यापूरच्या मावशीचं घर आठवलं; लहानपणी ती तिथंच राहायची. नर्सिंग शिकायला गेलेली आई 'उद्या येतो' म्हणून जायची आणि महिन्यानं यायची. उंबऱ्यावर बसून गळा काढला, तर कधी कधी लवकर यायची.

"आणि हे सातव्या वर्षी होस्टेलवर," मॅडम नागसेनकडे पाहत म्हणाल्या. "तिथं रडणाऱ्याची टिंगल व्हायची, म्हणून हे गप्प राहायला शिकले. तुम्ही हाका मारायला शिकलात. तुम्ही हाका मारता तेवढे हे आत जातात, हे आत जातात तेवढ्या तुम्ही हाका मारता."

"मंग मी पागल नाही?"

"नाही हो. तेव्हा कामी आलेली सवय आहे ही, स्वभावात मुरलेली. झोप उडते, जेवण जात नाही, हा त्रास मात्र खरा आहे. त्यावर काम करू. वेळ लागेल, पण फरक पडतो."

बाहेर आल्यावर नागसेन अडखळत म्हणाला, "मी गप्प झालो म्हणजे गेलो, असं नाही. पुढच्या खेपेले निदान 'थांब, मंग बोलतो' एवढं लिहीन."

"लिहिशीन?"

"लिहीन."

तिनं एवढा मोठा श्वास सोडला की तिचं तिलाच हसू आलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. स्टँडसमोर तिनं दोन प्लेट आलुबोंडे खाल्ले, तिसरी त्याच्याकडून अर्धी घेतली, आणि परतीच्या बसमध्ये बडनेरा येईपर्यंत गाढ झोपली.