काचेखालचे विद्यापीठ

सासूबाईंचे टेबल खिडकीपासून हलले, त्या दिवशी घरात कुणी कुणाशी धड बोलले नाही.

टेबल हलवणारा जावई विद्यापीठात नियोजन अधिकारी होता. सगळे त्याला ‘आराखडेसाहेब’ म्हणत, आणि खरे सांगायचे तर त्यालाही ते मनातून आवडे. कागदावर नीट रेघ ओढली की जग सुधारते, अशी त्याची भाबडी समजूत होती. खोलीत हवा खेळती राहावी म्हणून त्याने सासूबाईंची दुपारची डुलकी साधून त्यांचे टेबल खिडकीपासून उचलले आणि दाराआड नेऊन ठेवले. हवा खेळू लागली. सासूबाई उठल्या आणि उभ्याच राहिल्या.

त्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रन. घरात बसून लेकीच्या चुका काढण्यापेक्षा बरे म्हणून त्यांनी जावयाच्याच विद्यापीठात, इतिहासाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातले होते. त्या टेबलावर त्यांचा अभ्यास चाले.

“आई, जागा चुकली का?” जावयाने विचारले.

“जागा चांगली आहे हो. फक्त टेबल माझं होतं.”

बायकोने दोघांकडे पाहिले आणि हसू दाबत चहा ठेवायला निघून गेली.

विद्यापीठातही आराखडेसाहेबांनी असेच एक टेबल हलवले होते, फक्त ते फार मोठे होते. मुख्य इमारतीच्या दालनात, काचेच्या पेटीत, उद्याच्या विद्यापीठाची प्रतिकृती मांडलेली होती. पुठ्ठ्याच्या इमारती, स्पंजची झाडे आणि मधोमध आरशाचा तुकडा बसवून केलेले तळे. ते तळे म्हणजे त्याचा जीव की प्राण. तो लहान असल्यापासून त्याच्या स्वप्नात एक तळे यायचे, आणि आता ते खरे होणार होते. पेटीवर सोनेरी अक्षरांत लिहिले होते, ‘आपले विद्यापीठ, आपला आराखडा’. त्याच्याच खाली दुसरी पाटी होती, ‘कृपया हात लावू नये’. या दोन पाट्या एकत्र शोभत नाहीत, हे कुणाच्याच ध्यानात आले नव्हते, त्याच्या तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी अधिसभेत आराखडा मंजूर व्हायचा होता. अधिसभा म्हणजे प्राध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी, माजी विद्यार्थी अशा सगळ्यांची मोठी सभा. तिथली रीत ठरलेली. कुलगुरू मॅडम विचारत, “मंजूर?” बाके वाजत, आणि मागोमाग चहा येई. हसू नका, वाचकहो! आपण तरी आपल्या सोसायटीच्या सभेत दुसरे काय करतो?

त्या संध्याकाळी बाहेर दाट धुके उतरले होते. खिडक्यांबाहेरची झाडे हळूहळू पुसली जात होती आणि दालनातल्या दिव्याचा उजेड दूध सांडावे तसा जमिनीवर पसरला होता. वर्गाला निघालेल्या सासूबाई पिशवी सांभाळत पेटीपाशी उभ्या असलेल्या जावयाजवळ आल्या. बराच वेळ त्या वाकून पाहत राहिल्या.

“छान केलंय हो. पण फाटकाजवळचं आमचं वाचनालय दिसत नाही.”

“ते टेकडीवर जाणार, आई. मोठं, उजेडाचं.”

“आणि आम्ही? कामावरून सुटून, बसमधून उतरून, तासाआधी घटकाभर तिथे टेकतो आम्ही. टेकडी चढायची?”

“थोडं चालावं लागेल.”

“कुणाला विचारलंत?”

आराखडेसाहेब वैतागला. “विचारत बसलो तर झालंच काम! जितकी तोंडं तितक्या तऱ्हा. फाटे फुटतील, सगळं रखडेल. आणि मी काय वाईट केलंय का?”

“वाईट केलंत असं कोण म्हणतंय?” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं असंही नाही. कदाचित तुमचंच बरोबर असेल. पण न विचारता दिलेल्या चांगल्या घरात माणूस पाहुण्यासारखा राहतो, जावईबापू. नळ गळला तरी उठत नाही. विद्यापीठ सगळ्यांचं म्हणता ना? मग त्याच्या स्वप्नात आम्हाला येऊ तरी द्या!”

आणि त्या वर्गाला निघून गेल्या. तो काचेवर कपाळ टेकून उभा राहिला. डोळे जड झाले होते. कधी मिटले ते त्याला कळलेच नाही.

पाहतो तर तो त्या पुठ्ठ्याच्या रस्त्यावरून चालत होता. हवेला डिंकाचा वास होता. स्पंजच्या झाडांखाली कागदी माणसे उभी होती, पांढरीशुभ्र, आणि त्यांना चेहरेच नव्हते. त्याला आठवले, कारागिराला त्यानेच सांगितले होते, “चेहरे नकोत, ती फक्त उंची कळायला आहेत.” त्याने एकाला विचारले, “वाचनालय कुठे आहे हो?” उत्तर आले नाही. येणार कुठून? त्याला तोंडच नव्हते. तो धावत तळ्याशी गेला आणि वाकला. तळ्यात आभाळ नव्हते, झाडे नव्हती, फक्त त्याचा एकट्याचा चेहरा होता. वर पाहिले तर काचेचे आभाळ, आणि त्यापलीकडे डोंगराएवढ्या सासूबाई काहीतरी बोलत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द आत येत नव्हता. तो आतून काच बडवू लागला. आवाजच होईना!

तो दचकून जागा झाला. त्याच्याच श्वासाने काच धुरकटली होती आणि आतले विद्यापीठ दिसेनासे झाले होते. त्याला फार एकटे वाटले.

दुसऱ्या दिवशी अधिसभेसमोर प्रतिकृती आणली गेली. मागच्या बाकांवर बाहेरच्यांना बसता येई, तिथे सासूबाईही होत्या. आराखडेसाहेब उठला. त्याच्या हातात स्क्रू पिळायचा पेचकस होता.

“मॅडम, आज मंजुरी नको,” तो म्हणाला. “ही काच काढायची परवानगी द्या.”

सभागृहात चुळबुळ झाली. कुलगुरू मॅडमनी चष्मा पुसला, त्याच्याकडे निरखून पाहिले आणि मान हलवली. काच निघाली. त्याने ‘कृपया हात लावू नये’ ही पाटी उचलून खिशात घातली.

“हात लावा!” तो म्हणाला. “खरंच सांगतो, लावा!”

कुणीच हलेना. सवयच नव्हती ना! मग विद्यार्थ्यांची प्रतिनिधी पुढे आली आणि तिने अलगद ते तळेच उचलले. “सर, इथे आमचं खेळाचं मैदान आहे,” ती म्हणाली. त्याच्या काळजात कळ उठली. पण तो गप्प राहिला, आणि एवढे गप्प राहणे त्याला जन्मात जमले नव्हते. मग काय विचारता! एकाच वेळी दहा हात आत शिरले, इमारती इकडच्या तिकडे झाल्या, आणि बाके वाजली ती मंजुरीसाठी नव्हे, भांडणासाठी. सासूबाईंनी मागूनच “एकेकानं बोला!” असा आवाज चढवला आणि मेट्रनचा तो आवाज ऐकून सगळे सभागृह एकदम चूप झाले.

ते भांडण उन्हाळ्यापर्यंत पुरले. तळे गेले ते गेलेच, परत आले नाही. त्याला अजूनही त्याची हुरहूर वाटते. आणि वाचनालय? फाटकाजवळच्या जुन्या इमारतीत ओल येऊन पुस्तके सडत होती, हे ग्रंथपालांनी सगळ्यांना नेऊन दाखवले. शेवटी ते टेकडीवरच गेले. संध्याकाळच्या वर्गांनीच त्याच्या बाजूने हात वर केले. अट एकच, चढणीच्या मध्यावर बसायला बाक हवा.

पुढच्या थंडीत, तशाच धुक्यात, सासू आणि जावई त्या बाकावर बसले होते. सासूबाईंना धाप लागली होती.

“काय मेली ही चढण!”

“आई, हात तुम्हीच वर केला होता.”

“म्हणून तर हक्कानं कुरकुरतेय.” त्या हसल्या.

वाचकहो, सार्वजनिक संस्था भिंतींनी आपली होत नाही आणि सोनेरी पाटीनेही नाही. ज्याला विचारले जाते तोच ती आपली मानतो, आणि विचारल्यावर जो बोलतो तोच तिचा खरा नागरिक! तेव्हा विचारायला लाजू नका, आणि विचारले तर नुसती बाके वाजवू नका.

“टेबल परत खिडकीशी नेऊ का?” जावयाने हळूच विचारले.

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिले. धुक्यातून माणसे वर येत होती, आणि जवळ आली की एकेकाचा चेहरा उजळत होता.

“राहू द्या दाराआडच,” त्या म्हणाल्या. “हवा छान येते तिथे.”