ओसरीवर गेलेला फॉर्म

"सर, निशिगंधाले एकसष्ट टक्के अन् मले ब्याऐंशी. तरी ती सायन्सले अन् मी आर्ट्सले, असं काहून?"

विचारलं एकदाचं! ममता आणि सुरभी या मैत्रिणींनी पैज लावली होती, कॉलेजच्या भर हॉलमध्ये विचारून दाखव, समोसा आमच्याकडून. आधी मी हजेरीसुद्धा हळूच द्यायचे. पण दहावीत शाळेतून दुसरी आले आणि आवाजच फुटला मला. आमच्या बौद्धपुऱ्यातल्या चारही पोरी आर्ट्सच्या यादीत होत्या. सर चिडतील, मग मी आणखी बोलेन, अशी तयारीच करून आले होते.

सर चिडले नाहीत. त्यांनी गठ्ठ्यातून माझा फॉर्म काढला. "दीपा, तुझ्या बाबांनीच आणून दिलाय. शनिवारपर्यंत बदलता येईल, पण पालकाची सही लागेल."

अक्षर भगवानरावांचं होतं, निशिगंधाच्या वडिलांचं. खाली बाबांची सही, 'उकंडा'. त्यातला 'डा' नेहमीसारखा रेघेबाहेर गेलेला.

जिंकलेला समोसा मी दप्तरात टाकला.

आमच्या घरी कोणताही कागद आला की आधी भगवानरावांच्या ओसरीवर जातो. रेशनकार्ड असो, लाइटबिल असो. त्यांच्याच शेतात आम्ही तिघं कापूस वेचतो.

संध्याकाळी बाबांना विचारलं.

"शिकलेला माणूस हाये, पोरी. म्हणे सायन्सले रोज प्रॅक्टिकल असते. वेचणीत तुही शाळा बुडते. नापास झाली तं साल जाईन."

"वेचणी कोनाची, बाबा? त्याहिचीच ना? निशिगंधा वेचते काय?"

माय म्हणाली, "तू नाही आली तं ते वेचाले दुसरं घर पाहतीन. मंग आम्ही कुठी जावं?"

माय उगाच घाबरवत नव्हती. शेजारच्या चंदाबाईची पोरगी नर्सिंगला गेली, त्याच हंगामात चंदाबाईचं भगवानरावांकडचं काम सुटलं. ती आता वीटभट्टीवर असते.

मी समोशाचे तीन तुकडे केले. कोणीच हात लावला नाही.

मग मी म्हणाले, "उद्या मी सरांकडून कोरा फॉर्म आणतो. सायन्सचा. तो ओसरीवर जाणार नाही, मी माह्या हातानं भरीन. बाबा, तुमाले सही नसंन करायची तं माय आंगठा देईन. अन् कॉलेज असंन त्या दिवशी मी वेचाले येणार नाही."