न भाजलेला कोपरा

वारा पश्चिमेचा होता, म्हणून भगीरथने काडी पूर्वेच्या कडेला लावली. आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकली की राब खोलवर भाजतो. शेण, त्यावर ऐनाच्या डहाळ्या, मग पेंढा आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. शेणवे गावात भाताचं रोप टाकायची जागा अशीच तयार करतात. जिथे नीट भाजतं, तिथे रोप दाट येतं.

दुपारी जाळ विझल्यावर भगीरथच्या बहिणीने, धोंडीबाईने, कुडाजवळच्या कोपऱ्यात काठी खुपसली. वर न जळलेली डहाळी आली.

"रुपे, हा कोपरा कोणी झाकला गो?"

"मीच, आत्या. कुडाला आग लागेल म्हणून दोन टोपल्या जास्त टाकल्या."

"माती टाकलीस का भिंत बांधलीस?"

भगीरथ हसला. रुपाली हसली नाही. ती खाली बसली आणि त्या मातीवर हात ठेवला. बाकी सगळा राब तापलेला होता, एवढाच भाग गार.

भगीरथची ही मुलगी पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करत होती. २००५ चा एप्रिल. मंगळवारी तिला तज्ज्ञांसमोर आपलं काम मांडायचं होतं आणि त्यावर तिची शिष्यवृत्ती पुढे चालू राहणार की नाही ते ठरणार होतं. काम आकाशाच्या उबेचं होतं. विश्व सुरुवातीला अतिशय तप्त होतं; तेव्हाचा प्रकाश आज फार थंड होऊन सगळ्या दिशांनी येतो. उपग्रहाने त्याचा नकाशा काढला आहे. तो जवळजवळ सगळीकडे सारखा आहे. फरक आहेत ते अंशाच्या लाखाव्या भागाचे, आणि त्याच फरकांतून पुढे दीर्घिका उगवल्या. रुपालीला दक्षिणेकडे एक डाग सापडला होता, असायला हवा त्याहून जास्त गार.

पण नकाशावर आपल्या आकाशगंगेचा उजेडही पडतो. तेवढा पट्टा आधी झाकावा लागतो. रुपालीने तो इतरांपेक्षा रुंद झाकला होता, चुकीचा उजेड आत येऊ नये म्हणून. झाकणाच्या कडेला गणित फसतं आणि नसलेला गारवा दिसतो, हे तिला ठाऊक होतं. कड डागापासून पुरेशी लांब आहे, असं तिने मानलं होतं. मोजलं नव्हतं.

ती उठली. "बाबा, मी फोन करून येते."

"आत्ता? आन् हा कोपरा?"

"येते ना."

गावातल्या चंदरच्या फोन बूथवरून तिने पुण्याला शेखरला गाठलं. तो तिच्याच खोलीत काम करायचा.

"झाकण अरुंद करून पुन्हा चालव. तिन्ही लहरलांबींच्या नकाशांवर. मी इथेच थांबते."

"मंगळवार डोक्यावर आलाय, आणि तुला आज शंका?"

"आजच आली."

ती बाकावर बसली. डाग पुसला गेला तर मंगळवारी बोलायला काहीच नव्हतं. घरी तिने अजून कुणाला मंगळवारचं सांगितलं नव्हतं. चंदरने दोनदा चहा विचारला. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली.

"पुण्याला कोण हाय गो एवढं? सासर बघितलंस का काय?"

"चंदरदादा, फोन मोकळा ठेवा हो."

"ठेवतो बाय. तुझ्यापायी माझं गिऱ्हाईक चाललं शहापूरला."

उन्हं कलली तेव्हा घंटी वाजली.

"डाग तिथेच आहे," शेखर म्हणाला. "तेवढाच गार. तिन्हींत. आता तरी जेव."

तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "आणि नुसता योगायोग असेल तर?"

"ते कसं तपासणार? दुसरं आकाश आण."

तिच्या व्याख्यानाच्या शीर्षकात डागाचं कारणही होतं: त्या प्रकाशाच्या वाटेतली एक प्रचंड पोकळी. ते तिला पटलं होतं, एवढाच त्याला आधार होता.

"शेखर, शीर्षकातली पोकळी काढ. फक्त डाग ठेव."

"तज्ज्ञ विचारतील, कारण काय? मग?"

"माहीत नाही म्हणेन."

"शिष्यवृत्ती जाईल रुपाली."

"जाईलही. काढ."

ती परतली तेव्हा धोंडीबाईने कोपऱ्यातली माती उपसून नव्या डहाळ्या रचल्या होत्या.

"झालं का तुझं आभाळ?"

"आहे तिथेच आहे. का आहे ते कळत नाय."

"मग परत भाजा म्हणावं."

"ते एकदाच भाजलंय, आत्या."

"आपलं तसं नाय. ये, माती घाल. आन् भिंत नको बांधू."

भगीरथ पाण्याची कळशी घेऊन कुडापाशी उभा राहिला. रुपालीने माती हातांनीच पसरली, मग त्यातली एक ओंजळ परत काढली. काडी लावली. धूर कुडापर्यंत पोचेपर्यंत ती तिथून हलली नाही.