चौथं काडतूस

धुकं इतकं दाट होतं की नाव तळ्यावरून चालली आहे की आम्हीच झोपेत सरकतो आहोत, ते कळत नव्हतं. लव्हाळ्यांच्या कडेनं बर्फाची पातळ साय धरली होती. मिनेसोटातलं हे आमचं तळं एक-दोन दिवसांत गोठणार होतं, आणि पुढच्या आठवड्यात माझा भाऊ आर्विद याच्या खांद्याची शस्त्रक्रिया होती. नंतर बंदूक उचलता येईल का, हे डॉक्टर सांगत नव्हते. बदकांसाठी त्याला ही एकच सकाळ उरली होती.

लांब काडतुसांचा दणका त्या खांद्याला सोसवत नव्हता, म्हणून मी आखूड आणली होती. बधिर बोटांनी भरताना त्याचा हिशेब चुकला आणि एक जास्तीचं आत गेलं.

"चार?" मी विचारलं.

"गेलं बुवा!"

आमच्याकडे बदकांच्या शिकारीत बंदुकीत तीनच काडतुसं मावायला हवीत. म्हणून बंदुकीच्या नळीखाली काडतुसं साठवायची जी दुसरी नळी असते, तिच्यात लाकडी दांडी घालून जागा कमी करतात. बाबांनी ही दांडी लांब काडतुसांच्या मापानं तासली होती. आखूड काडतुसांना जागा उरत होती.

"एक काढतो. झालं?"

"नाही झालं. तू किती भरलीस हे नियम विचारत नाही. किती मावतात, ते विचारतो."

"या धुक्यात मोजायला कोण येतंय, मास्तरीणबाई? मासे?"

"वनरक्षक आला तर परवाना जाईल, आणि बाबांची बंदूकही."

"शाळा सोडून किती वर्षं झाली, पण पेपर तपासणं काही सुटत नाही तुझं!" कुरकुरत त्यानं बंदूक रिकामी केली आणि नळीचं टोपण फिरवलं. "जुन्या दांडीला तुकडा लावू?"

"नाही, नियमानं दांडी अखंड हवी."

नाव काठाला लावून मी विलोच्या झाडाची फांदी कापली. तो मांडीवर ती तासत बसला. साली पाण्यावर पडून संथ फिरत होत्या.

तेवढ्यात बदकं आली. दिसली नाहीत. डोक्यावरून नुसता पंखांचा आवाज वाहत गेला, कोणीतरी आभाळात रेशीम फाडत असावं तसा. खूप वेळ. आर्विदच्या हातातला चाकू थांबला. आवाज विरला, तशी त्यानं माझ्याकडे न पाहता पुन्हा साल काढायला सुरुवात केली.

दांडी बसली. टोपण लागलं. तीन भरून चौथं काडतूस त्यानं दाबून पाहिलं. शिरेना.

"आता ठीक?" त्यानं विचारलं.

"ठीक."

"मग सांग त्यांना, परत या म्हणावं."

आम्ही बसून राहिलो. धुकं पिवळसर झालं, मग पातळ. कितीतरी वेळानं त्यातून एकटंच एक बदक खाली येताना दिसलं, घाई नसल्यासारखं. आर्विदनं बंदूक सावकाश खांद्याला लावली, आणि बार झाला.

बदक पडलं तिथून पाण्यावर वर्तुळं पसरली.

"दुखलं?" मी विचारलं.

"थोडं," तो म्हणाला, आणि हसत वल्ही माझ्याकडे सरकवली.