घुबडाबाईच्या डोळ्यातला डाग

मी एक जुनी रातदुर्बीण आहे, मित्रांनो. नदीकाठच्या पहारेचौकीत, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. शेजारी एक गंजका कंदील आणि एकच बूट. माझ्या डोळ्यात मधोमध काळा डाग आहे. तो वयामुळे पडला असं इथे सगळे म्हणतात. ते खोटं आहे, आणि ते पहिल्यांदा कोण बोललं हे मला चांगलं ठाऊक आहे.

धुळीचा कणसुद्धा आत येऊ न देणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तोंडाला फडकं बांधलेल्या कारागीर बाईने श्वास रोखून माझी नळी जोडली. लोकांना वाटतं, मी अंधारात पाहते. छे हो! बंद तळघरात मी तुमच्याइतकीच आंधळी. पण उघड्या आभाळाखाली पुरता काळोख कधी नसतोच. चांदण्यांचा, ढगांवरून परतलेल्या लांबच्या दिव्यांचा थोडा तरी उजेड सांडलेला असतो. तो माझ्या भिंगातून आत येतो आणि एका नाजूक थरावर पडतो. त्या थरातून इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण बाहेर उडतात. पुढे काचेची एक चकती आहे, तिला केसाहून बारीक अशी लाखो छिद्रं. छिद्रात शिरलेला एक कण भिंतींवर आपटत आपटत हजारो कण सुटे करतो. ही सगळी झुंड पडद्यावर आदळली की पडदा हिरवागार उजळतो. थोडक्यात, चिमूटभर उजेडाची मी ओंजळ करून देते. हिरवाच रंग का? कारण हिरव्याच्या फिक्या-गडद छटा माणसाच्या डोळ्याला चटकन ओळखू येतात.

माझी काही भावंडं सैन्यात गेली, काही वैमानिकांच्या शिरस्त्राणांवर बसली. एक जण समुद्रात बुडणाऱ्यांना शोधणाऱ्या बोटीवर आहे म्हणे. मी नदीवर आले. निघण्याआधी कारागीर बाईने माझ्या डोळ्यावर झाकण बसवलं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘उन्हात उघडू नये.’ जो थर चांदण्याच्या कवडशावर जगतो, त्याच्यावर ऊन ओतलं तर तो जळणारच. हल्लीच्या दुर्बिणी झगमगाट दिसला की स्वतःला थोडंफार सावरतात. माझ्यासारख्या जुन्या घडणीला तेवढीही पापणी नाही. माझी पापणी म्हणजे ते झाकण, आणि ते दुसऱ्याच्या हातात.

तो हात पहारेकऱ्याचा होता. नदीच्या वळणावर पाणमांजरं राहत, आणि त्यांच्या मऊ कातड्यासाठी चोर सापळे लावत. त्यांना राखणं हे आमचं काम. घुबड म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण पहारेकरी मला लाडाने घुबडाबाई म्हणायचा. “चला घुबडाबाई, निघायचं ना?” असं म्हणून तो मला गळ्यात अडकवायचा. थंडीत माझं भिंग आपल्या सदऱ्याच्या मऊ टोकाने पुसायचा, आणि दिवसा कुणी माझ्या झाकणाला हात लावला तर त्याच्यावर खेकसायचा. माझ्यामुळे त्याने कितीतरी सापळे उचलले. एका मादीला तो मिशीवाली म्हणे. तिला दोन पिल्लं झाली तेव्हा त्याने मला डोळ्यावरून खाली म्हणून ठेवलं नाही. मला वाटायचं, जग उलटलं तरी हा माणूस उलटायचा नाही.

मग एका रात्री माझ्या पडद्यावर एक माणूस दिसला. मिशीवालीच्या बिळापाशी वाकून तो सापळा बसवत होता. पहारेकऱ्याने शिट्टी तोंडाला लावली, तेवढ्यात त्या माणसाने मान वर केली. मी चेहरा स्वच्छ दाखवला. शिट्टी वाजलीच नाही. तो पहारेकऱ्याचा भाचा होता. बहीण गेल्यावर यानेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

तो गेल्यावर पहारेकऱ्याने सापळा काढून नदीत फेकला. दुसऱ्या दिवशी भाचा चौकीच्या पायरीवर येऊन बसला.

“मामा, सापळा तुम्हीच काढलात ना? एवढं एकदा बघू नका. मग मी नाव नाही काढणार.”

“पिल्लांची आई आहे रे ती.”

“मला तरी आई कुठे आहे?” भाचा म्हणाला.

पहारेकऱ्याने गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

त्याच दुपारी चौकीच्या साहेबबाईंचा निरोप आला. काठावर पावलांचे ठसे सापडले होते, म्हणून आज पहाऱ्याला त्या स्वतः बसणार होत्या. पहारेकरी कपाटापाशी आला. त्याने मला अंगणात नेलं, तेव्हा मला वाटलं भिंग पुसायचं असेल. त्याने कळ दाबून मला चालू केलं. मग झाकण काढलं आणि मला सूर्याकडे धरलं.

मित्रांनो, त्या वेळी माझ्यावर किती उजेड कोसळला ते मला सांगता येणार नाही. दुखलं ते वेगळंच. चुकून झालं असतं तर मी हसत सोसलं असतं. पण त्याचा हात जराही हलला नाही. ज्याच्या जिवावर मी डोळे मिटून असायचे, त्यानेच केसाने माझा गळा कापला.

अंधार पडल्यावर साहेबबाईंनी मला डोळ्याला लावलं.

“मधोमध हा काळा डाग कसला?”

“यंत्र जुनं झालंय मॅडम,” पहारेकरी म्हणाला. “आता भरवसा नाही त्याचा.”

साहेबबाईंनी मला हळूच बाजूला वळवलं. माझा मधला भाग जळला होता, कडा शाबूत होत्या. उरलासुरला सगळा जीव मी त्या कडेला गोळा केला. तिथे भाचा बिळापाशी वाकला होता.

“तिकडे काहीतरी हलतंय का?”

“काही नाही हो. नळी जळली की असे भास होतात. तो डागच दिसतोय तुम्हाला.”

डाग कधी हलतो का? मी दिसेल तेवढं दाखवत राहिले. पण साहेबबाईंचा माझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास होता. त्यांनी मला खाली ठेवलं आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. कुंपणानेच शेत खाल्लं. सकाळी सापळ्याच्या जागी चिखलात ओढत नेल्याची खूण होती, आणि दोन पिल्लं शिट्टीसारख्या आवाजात आईला हाका मारत होती.

पुढे चौकीत उष्णतेवर पाहणारा नवा कॅमेरा आला. त्याला चांदण्याचीही गरज नसते, अंगाच्या उबेवरून तो माणूस हेरतो. मात्र त्यात दुरून माणसाचा नुसता उजळ आकार दिसतो, ओळख पटत नाही. पहारेकऱ्याला तो फार आवडला. का ते मी सांगायला नको.

एकदाच त्याने मला पुन्हा बाहेर काढलं. काठावर एकटाच बसून त्याने मला डोळ्याला लावलं. त्याला पिल्लं शोधायची होती. माणूस ज्याला शोधतो त्याला मधोमध धरतो, आणि मधोमध तर डाग होता. तो मला इकडे वळवी, तिकडे वळवी. जिथे पाहायला जाई तिथे डाग आधीच पोचलेला.

“दिसत नाहीत गं,” तो म्हणाला आणि रडला. माझ्या मनात आलं, रडू दे. पण पिल्लं कडेला होती, आणि ती मी त्याला दाखवतच होते.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं यंत्र तुमच्या हाती आलं तर उन्हात त्याचं झाकण काढू नका. आणि त्याने तुमच्याच माणसाचा चेहरा दाखवला, तर निदान खापर तरी त्याच्यावर फोडू नका. पहारेकरी रोज याच कपाटातून नवा कॅमेरा काढतो. त्या वेळी खालच्या फळीवरून मला त्याचे बूट दिसतात. कधीतरी ते थांबतील आणि साहेबबाईंना हाक मारून तो सांगेल की हा डाग वयाचा नाही, याची मी वाट पाहते आहे.