दोन चमचे औषध

ताई बर्फाच्या कारखान्यात मशीन चालवायची, सतरा वर्षं. अमोनियाचा दाब बघायचा, वॉल्व्ह उघडायचे-बंद करायचे, दर तासाला आकडे लिहायचे. एका सकाळी पाइपाचा सांधा फुटला आणि गॅस सुटला. फोरमनकाकांनी तिला दाराबाहेर ढकललं, मास्क चढवला आणि मुख्य वॉल्व्ह बंद करायला आत गेले. वॉल्व्ह बंद झाला, पण काका काही बाहेर आले नाहीत. मास्कच्या फिल्टरची मुदत दीड वर्षापूर्वीच संपली होती.

त्यानंतर ताई माझ्याकडे राहायला आली. घसा सोलवटलेला, झोप उडालेली. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं. खोकला गेला, औषध राहिलं. आधी झोपताना, मग जेवल्यावर, मग उठल्या उठल्या. मी घरी शाळांचे गणवेश शिवते. एके दिवशी चिंध्यांच्या पोत्यात हात घातला तर आत रिकाम्या बाटल्या.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "माझी मलाच लाज वाटते."

कारखान्याच्या कल्याण अधिकाऱ्यांनी कळवलं, कामावर परत यायचं असेल तर आठ आठवड्यांचा ऑनलाइन गट पूर्ण करा. मनाला धक्का बसलेल्या, व्यसनात अडकलेल्या लोकांसाठी. दर मंगळवारी चार वाजता. खर्च कंपनीचा. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, माणसं वाईट नाहीत.

गटाचा नियम होता, खोलीत दुसरं कुणी नको. आमच्याकडे खोली एकच. मग मी मशीन बंद करून जिन्यात जाऊन बसायचे, मांडीवर काजं-बटणं घेऊन. वरचे शेजारी विचारायचे, "काय हो, घराबाहेर काढलं का?" मी म्हणायचे, "हो, बहिणीनं."

पण तासाभरानं दार उघडायचं तेव्हा ताईचा चेहरा सैल झालेला असायचा. पहिल्याच दिवशी गट चालवणाऱ्या मॅडमनी सगळ्यांना श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि ताई गुदमरून खुर्चीतून उठली होती. मॅडम लगेच म्हणाल्या, "तुमच्यासाठी श्वास नको. डोळेही मिटू नका. पायाचे तळवे फरशीला टेकलेत, तेवढंच बघा." त्या तळव्यांनी ताईला धरून ठेवलं. स्वयंपाक करता करता ती मधेच थांबायची, पाय नीट रोवायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा कणीक मळायला लागायची. पाचव्या आठवड्यात बाटली दोन दिवस पुरायला लागली. गटात रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेले एक काका होते, दारू सोडत होते. ताई त्यांचं कौतुक सांगायची. पण आत कोण काय बोललं ते तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सातव्या आठवड्यात कारखान्याचं पत्र आलं. 'आपण स्वतः कबूल केल्याप्रमाणे, अपघाताच्या दिवशी आपण गुंगीच्या औषधाच्या अमलाखाली होतात.' म्हणून कंपनीच्या अंतर्गत चौकशीत अपघाताची जबाबदारी तिच्यावर.

ताईनं पत्र दोनदा वाचलं. मग खाली बसली.

"मी हे गटात बोलले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी मला खोकला होता. दोन चमचे औषध घेतलं होतं. तेव्हा व्यसन कुठलं आलंय! पण मनात येतं, त्या दोन चमच्यांनी मला सांधा फुटल्याचं कळायला उशीर तर झाला नसेल? हे मी जन्मात एकदाच बोलले. तिथे."

माझं डोकं फिरलं. मी सख्खी बहीण, जिन्यात बसत होते, आणि हे लोक ऑफिसात पंख्याखाली बसून माझ्या बहिणीचं रडणं ऐकत होते!

तिला घेऊन मी कल्याण अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी शांतपणे फॉर्म पुढे सरकवला.

"दर्जा तपासण्यासाठी सत्रं ध्वनिमुद्रित होतात आणि प्रायोजकाला, म्हणजे कंपनीला, उपलब्ध असतात. इथे लिहिलंय. खाली तुमच्या बहिणीची सही."

"गॅसनं डोळे अधू झालेत तिचे, एवढं बारीक अक्षर दिसत नाही," मी म्हणाले. "बोट ठेवून दाखवलंत तिथे सही केली तिनं. आणि मास्कची मुदत संपल्याचं तिनं तीनदा लिहून दिलं होतं, ते नाही ऐकलंत? ते तर तिनं तुमच्या तोंडावर सांगितलं होतं!"

"तो विषय वेगळा आहे," ते म्हणाले.

पुढच्या मंगळवारी ताईनं मला शेजारी बसवलं आणि गटाला पत्र वाचून दाखवलं. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला सांगितलं होतं, ध्वनिमुद्रण फक्त माझ्या प्रशिक्षणासाठी आहे," त्या म्हणाल्या. "मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चूक माझी आहे."

मग ड्रायव्हरकाका पडद्याजवळ आले, इतके की नुसतं कपाळ दिसायला लागलं.

"साहेब, ऐकताय ना? मग हेही ऐका. मी चाळीस वर्षं मरणारी माणसं वाहून नेली. त्यांचं शेवटचं बोलणं माझ्या कानात आहे. बायकोलासुद्धा सांगितलं नाही मी. आणि तुम्ही एका बाईचं बोलणं उचलून तिच्याच गळ्याला लावलंत? शरम वाटू द्या!"

ताई रडली नाही. म्हणाली, "काका, बस. आपण इथे बोलतो ते त्यांना शरम वाटावी म्हणून नाही."

मग अपघाताची सरकारी चौकशी झाली, त्या दिवशी मॅडम स्वतःहून आल्या. त्यांनी लेखी दिलं, की वाक्य अर्धवट तोडलं आहे. चौकशी अधिकारी बाई कंपनीच्या वकिलाला म्हणाल्या, "एक वाक्य ऐकवलंत, आता त्यांचं पूर्ण बोलणं ऐकवा." वकिलानं खासगीपणाचा मुद्दा काढला. गोपनीयता! ह्यांच्या तोंडी! मी उठून उभी राहिले, ताईनं पदर ओढून मला खाली बसवलं आणि म्हणाली, "ऐकवा. माझी हरकत नाही."

सगळ्यांनी ऐकलं. दोन चमचे, खोकला. आणि लगेच पुढे मास्कची गोष्ट, तीन अर्ज, कुठल्या तारखांना दिले ते. वकील कागद चाळत राहिला. महिन्याभरानं निकाल आला: ताई निर्दोष, ठपका कारखान्यावर.

पण जे चोरून ऐकलं, त्याबद्दल कुणाला साधी नोटीसही गेली नाही. कल्याण अधिकारी त्याच खुर्चीत आहेत. मॅडमचं कंत्राट मात्र गेलं.

आणि निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून ताई नऊ दिवस बाटलीवर होती. मी ओरडले नाही. दहाव्या दिवशी ती आपण होऊन उठली, न्हाली, आणि सरकारी दवाखान्यातल्या व्यसनमुक्ती गटात नाव घालून आली. तिथे समोरासमोर बसतात. तीन आठवडे झाले, ती जाते. अजून एक शब्द बोललेली नाही.

"बोलेन," म्हणते. "घाई नाही."

तिला नसेल. माझा राग मात्र अजून तसाच आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.